मेडिकेअर म्हणजे सगळं फुकट नाही हो

अमेरिकेत ६५ झाली की मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) मिळतं मग ज्येष्ठांना खर्चाची कसली काळजी, असं एका लेखात वाचून हसूच आलं. आम्ही न्यू जर्सीत मिडलसेक्स काउंटीत राहतो, आई ग्रीन कार्डवर आलेली, तिने किंवा बाबांनी इथे कधी नोकरी केली नाही त्यामुळे सलग ५ वर्षं राहून झाल्यावरच मेडिकेअर विकत घेता आलं, आणि विकत म्हणजे खरंच विकत, २०२५ मध्ये पार्ट ए (हॉस्पिटलचा भाग) चे महिन्याला ५१८ डॉलर, पार्ट बी (डॉक्टरांचा भाग) चे १८५ वेगळे. एवढं भरून दात, नेहमीचा चष्मा, कानाचं मशीन यातलं काहीच साध्या मेडिकेअरमध्ये बसत नाही!! म्हातारपणी लागतं काय तर हेच ना. औषधांचं मात्र जरा बरं झालंय, २०२५ पासून पार्ट डी (औषधांचा भाग) मध्ये खिशातून जाणाऱ्या पैशांना वर्षाची मर्यादा आलीय, २०२५ मध्ये ती २००० डॉलर होती. खरा खड्डा पडतो तो आंघोळ घालायला, भरवायला कायमचं माणूस ठेवावं लागलं की, ते मेडिकेअर देत नाही, मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांची सरकारी योजना) देतं पण त्याआधी शिल्लक जवळजवळ संपवावी लागते. आई पुण्याचा फ्लॅट विकायला का तयार नाही ते आता कळतंय.