गणितानं लुटलं म्हणे

“परदेशात बसलेल्या गणितवाल्यांनी आपल्या पोरांना लुटलं” अशा मथळ्याचा एक लांबलचक मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. शाळेच्या ग्रुपवर आला, कॉलेजच्या आला, आणि शेवटी सांगलीच्या घरच्या ग्रुपवर मामेभावानं, म्हणजे आमच्या दादानं, टाकला. मजकुराचा मुद्दा असा: जुलै २०२५ मध्ये सेबीनं, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकानं, जेन स्ट्रीट या अमेरिकी ट्रेडिंग कंपनीविरुद्ध अंतरिम आदेश काढला आणि ४,८४३ कोटी रुपये बेकायदा नफा म्हणून अडकवले. त्यावरून निष्कर्ष, की गणित हे आता दरोड्याचं हत्यार झालंय, आणि आपल्याकडे सरकारी पैशानं शिकलेली हुशार पोरं परक्यांच्या वतीनं आपल्याच लोकांवर ते चालवतात. खाली दादानं मला टॅग करून लिहिलं, “काय गं, तू पण हेच करतीस न्हवं तिकडं?” त्याखाली अंगठ्यांची रांग.

मी पॅरिसच्या ला देफाँसला एका बँकेत ऑप्शन्सच्या किमती काढणाऱ्या टीममध्ये आहे. ऑप्शन म्हणजे ठरलेल्या भावानं पुढे घ्यायचा किंवा विकायचा हक्क. भारतीय बाजाराशी आमच्या डेस्कचा काडीचा संबंध नाही. पण हे ग्रुपवर लिहिणं म्हणजे कबुलीजबाब देण्यासारखं दिसलं असतं, म्हणून लिहिलं नाही. त्याऐवजी सेबीचा आदेश काढून वाचत बसले.

आरोप काय आहे? एक्स्पायरीच्या, म्हणजे ऑप्शनची मुदत संपण्याच्या, दिवशी सकाळी बँक निफ्टी या बँकांच्या निर्देशांकातले शेअर आणि फ्युचर्स (पुढच्या तारखेचे सौदे) भरमसाट घ्यायचे, त्यानं निर्देशांक वर ढकलायचा, त्याच वेळी ऑप्शन्समध्ये त्याच्या कितीतरी पट मोठी उलटी बाजू उभी करायची, आणि मग सकाळी घेतलेलं विकून टाकायचं. कंपनीनं आरोप नाकारलाय आणि प्रकरण अपील न्यायाधिकरणाकडे नेलंय, तेव्हा खरंखोटं तिथं ठरेल. पण घटकाभर आरोप खरा धरला तरी त्यात गणित कुठे आहे? सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला उभा राहणारा कुठलाही अडत्या ही चाल पहिल्या वाक्यातच ओळखेल. भाव चढवायला एका हातानं घ्यायचं आणि दुसऱ्या हातानं विकायचं, याला पीएचडी लागत नाही. लागते ती पैशांची थैली.

आणि “परके” म्हणाल, तर सेबीचाच सप्टेंबर २०२४ चा अहवाल पाहा. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओमध्ये, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये, उतरलेल्या एक कोटीहून अधिक सामान्य गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. एकट्या २०२३-२४ मध्ये खर्च वजा करण्याआधी परदेशी संस्थांनी सुमारे २८,००० कोटी कमावले, आणि स्वतःच्या खात्यावर ट्रेडिंग करणाऱ्या प्रोप्रायटरी संस्थांनी ३३,००० कोटी. म्हणजे मोठा वाटा परदेशी फंडांचा नव्हताच. हा आकडा त्या मजकुरात नाही. ब्रोकरेज, एक्सचेंजचं शुल्क, कर वगैरेंत सामान्य माणसांनी तीन वर्षांत सुमारे ५०,००० कोटी घातले, हाही नाही. त्या पैशाला अल्गोरिदम लागला नाही, नुसतं बटण दाबणं पुरलं.

गणितानं या सगळ्यात काय केलं ते सांगते. १९०० साली लुई बाशलिए नावाच्या माणसानं पॅरिसच्या सॉरबॉन विद्यापीठात प्वँकारे या थोर गणितज्ञासमोर शेअर बाजाराच्या सट्ट्यावर प्रबंध मांडला. ब्राउनियन गतीचं, म्हणजे सूक्ष्म कणांच्या वेड्यावाकड्या हालचालीचं, गणित आइन्स्टाइनच्या पाच वर्षं आधी त्यात आहे. चालू भावाच्या ऑप्शनची किंमत उरलेल्या वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते, हेही त्यात आहे. निफ्टी २५,००० वर धरा, वर्षाचा चढउतार १२ टक्के धरा, म्हणजे दिवसाचा पाऊण टक्का, सुमारे १८७ पॉइंट. एक दिवस उरलेला, चालू भावाचा कॉल, म्हणजे खरेदीचा हक्क, त्याच्या ०.४ पटीला, साधारण ७५ पॉइंटला जायला हवा. पाव दिवस उरला की किंमत पावपट होत नाही, निम्मी होते, ३७-३८. हे तोंडी करता येतं. एक्स्पायरीच्या दुपारी ऑप्शन स्वस्त दिसतो, थोड्या पैशांत लाखोंच्या व्यवहारावर बसल्यासारखं वाटतं, पण तो स्वस्त नसतो. त्याची किंमत बरोबर तेवढीच असते. बाशलिएनं आपल्या सिद्धांताचा पायाच असा घातला की सट्टा खेळणाऱ्याची गणिती अपेक्षा शून्य आहे. शून्यातून ब्रोकरेज आणि कर वजा केले की जे उरतं, तेच सेबीच्या अहवालात आहे. यातच खेळणाऱ्या दादाला सव्वाशे वर्षांपूर्वीच खरं सांगून ठेवलेलं होतं, आणि सांगणारं गणितच होतं.

बरं, तो इशारा त्याच्या फोनवरही येतो. सेबीच्या नियमानं ब्रोकरला लॉगिन करतानाच दाखवावं लागतं की दहापैकी नऊ जण तोट्यात जातात. दादा ते वाचतो आणि पुढे जातो, कारण तो स्वतःला दहावा समजतो.

इथं फ्रान्समध्ये वेगळं आहे का? एएमएफनं, म्हणजे इथल्या बाजार नियामकानं, २०१४ मध्ये सीएफडी (भावातल्या फरकावरचा सट्टा) आणि फॉरेक्सवाल्या किरकोळ ग्राहकांचा चार वर्षांचा हिशेब काढला, तर ८९ टक्के तोट्यात, माणशी जवळजवळ १०,९०० युरोंचा. सेबीच्या पहिल्या अहवालातला आकडाही ८९ टक्केच होता. फरक पुढचा. इथं २०१६ च्या सापँ कायद्यानं असल्या उत्पादनांच्या ऑनलाइन जाहिराती सरळ बंद केल्या. आपल्याकडे सेबीनं नोव्हेंबर २०२४ पासून कॉन्ट्रॅक्ट मोठं केलं, साप्ताहिक एक्स्पायरी प्रत्येक एक्सचेंजला एका निर्देशांकावर आणली, चांगलं केलं. पण ट्रेडिंग ॲपच्या जाहिराती क्रिकेटच्या दोन ओव्हरच्या मधे चालूच. मी एवढंच ग्रुपवर लिहिलं. दादाचं उत्तर मिनिटात: “आणि तुमच्या त्या फ्रेंच बँकेत एका पोरानं ४.९ अब्ज युरो घालवले ते?” केर्व्हिएल, सोसिएते जेनेराल बँकेचा ट्रेडर, जानेवारी २००८. मुद्दा बरोबर होता, म्हणून जास्तच राग आला. केर्व्हिएल गणितज्ञ नव्हता, त्याला कंट्रोलची छिद्रं माहीत होती, वगैरे मी लिहिलं खरं, पण ते वकिली होतं, हे मलाही कळत होतं.

खरं गणित कुठे चाललंय ते या भांडणात कुणालाच नकोय. २०१४ मध्ये गॅदरल, झेसाँ आणि रोझनबॉम या गणितज्ञांनी दाखवलं की बाजाराची अस्थिरता ब्राउनियन गतीपेक्षाही खडबडीत चालते. खडबडीतपणा मोजणारा हर्स्ट घातांक ०.५ ऐवजी ०.१ च्या आसपास. एवढ्याशा आकड्यानं आमची निम्मी हत्यारं बोथट होतात, कारण इतक्या दातेरी वाटेवर नेहमीचं इटो कॅल्क्युलस (जपानी गणितज्ञ इटोचं, यादृच्छिक हालचालींसाठीचं) जसंच्या तसं बसत नाही. त्याच वर्षी मार्टिन हेअररला फील्ड्स पदक, गणितातला सर्वोच्च सन्मान, मिळालं. त्याचा सिद्धांत भौतिकशास्त्रातल्या केपीझेड समीकरणासारख्या समीकरणांसाठी होता: पृष्ठभाग वाढत जाताना त्याची कड कशी वेडीवाकडी होते त्याचं ते समीकरण, १९८६ चं. त्यात अनंत राशी उगवतात आणि त्या रीतसर वजा कराव्या लागतात. पुढे बर्लिनच्या फ्रिट्झ आणि सहकाऱ्यांनी तीच यंत्रणा खडबडीत अस्थिरतेला लावली. शुद्ध गणित, भौतिकी आणि ऑप्शन, तिन्ही एकाच फळ्यावर. ऑफिस सुटल्यावर मी कधी कधी इन्स्टिट्यूट आंरी प्वँकारेत बाशलिएच्याच नावाच्या सेमिनारला जाते. मागच्या बाकावर बसते, निम्मं समजतं. फळ्यावर खडूनं लिहिणारी पोरं माझ्याहून कितीतरी लहान असतात, आणि त्यांना बँकेतून आलेल्या बाईबद्दल फारसं कुतूहल नसतं.

“सरकारी पैशानं शिकलेली” हा मुद्दा मला जास्त झोंबला. सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात नाममात्र फीत शिकले, खोटं नाही. पण आपल्या सरकारी पैशानं शुद्ध गणितात काय उभं केलं, हे त्या मजकूर लिहिणाऱ्याला माहीत तरी आहे का? कुलाब्याच्या टाटा इन्स्टिट्यूटमधल्या नरसिंहन आणि शेषाद्रींचं १९६५ चं प्रमेय घ्या. रीमान पृष्ठभागावरच्या स्थिर सदिश बंडलांचा आणि त्या पृष्ठभागाच्या मूलभूत गटाच्या युनिटरी निरूपणांचा थेट मेळ, म्हणजे भूमितीचा बीजगणिताशी मेळ, त्यांनी घातला. १९८३ मध्ये डोनाल्डसननं तेच प्रमेय कणभौतिकीतल्या यांग-मिल्स समीकरणांच्या वाटेनं पुन्हा सिद्ध केलं. नरसिंहन आणि शेषाद्री दोघंही पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस याच पॅरिसमध्ये होते आणि शिकून परत गेले. मला हेच करायचं होतं. घरी कर्ज होतं, पॅरिसच्या जुस्यू विद्यापीठातल्या वित्तगणिताच्या मास्टरनंतर नोकरी नक्की होती, आणि बंडलांच्या थिसिसनंतर काहीच नक्की नव्हतं. मी हिशेब केला. मी परत गेले नाही, आणि नरसिंहन-शेषाद्रींचं नाव भांडणात ढालीसारखं पुढे करण्याचा मला किती अधिकार आहे, हे दादानं विचारलं नाही म्हणून बरं.

या सगळ्यात एक गोष्ट मला आजवर नीट उलगडलेली नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये मिशेल रोकार ‘ल मोंद’ या फ्रेंच दैनिकामध्ये म्हणाले होते की गणिताचे प्राध्यापक विद्यार्थ्यांना शेअर बाजारात डाव मारायला शिकवतात, आणि हा नकळत केलेला मानवतेविरुद्धचा गुन्हा आहे. माजी पंतप्रधान, समाजवादी, सुसंस्कृत माणूस. दादाच्या फॉरवर्डपेक्षा हा वार कितीतरी मोठा, आणि तो अक्षरशः आमच्या वर्गावर होता, मी तेव्हा त्याच वर्गात बसत होते. फ्रेंच पोरं खवळली. ही जर्मनांच्या हाती पडू नये म्हणून जीव दिलेल्या गणितज्ञ द्योब्लिनची विद्या आहे, म्हणाली. १९४० मध्ये आघाडीवरून त्या सैनिकानं फ्रेंच विज्ञान अकादमीला धाडलेला सीलबंद लिफाफा २००० साली उघडला आणि त्यात इटोच्या आधीचं इटो निघालं, ती गोष्ट तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होती. कँटीनमध्ये आवाज चढले. मी ताट उचललं आणि लायब्ररीत गेले. मला राग आला नाही, लाजही वाटली नाही. तो त्यांचा माजी पंतप्रधान होता, त्यांचे प्राध्यापक, त्यांचं भांडण.

आता माझ्याकडे इथलं नागरिकत्व आहे, मी मत देते, कर भरते, संपावर गेलेल्या आरईआर लोकलला इथल्यांसारख्याच शिव्या घालते. तरी उद्या इथल्या कुणा मंत्र्यानं आम्हा बँकवाल्यांना पुन्हा गुन्हेगार म्हटलं तर मी बहुतेक बातमी पुढे सरकवेन. आणि सांगलीच्या एका ग्रुपवरच्या “तू पण” ला उत्तर म्हणून इतकं लिहिलंय.

हे सगळं ग्रुपवर अजून टाकलेलं नाही. दादाला बाशलिएचं वर्गमूळ समजावायचं, तर आधी तो नक्की किती हरला ते विचारावं लागेल, आणि अंगठे दाखवणाऱ्यांपैकी कुणीही, माझ्यासकट, ते अजून विचारलेलं नाही.