अश्वत्थाम्याला झोप का लागली नाही

लहानपणी दिवेलागणीला दारात कोणी अनोळखी माणूस तेल मागायला आला की आजी म्हणायची, "देऊन टाक गा, अश्वत्थामा असन." कपाळाची जखम भरत नाही म्हणून तो दारोदार तेल मागत फिरतो, आमच्याकडची गोष्ट एवढीच.

परवा लाइट गेली (आमच्या सिंदेवाहीकडं ती जातेच), तेव्हा मोबाइलच्या उजेडात महाभारतातलं सौप्तिकपर्व वाचत होतो. अडकलो ते शापाच्या आधीच्या रात्रीत. दुर्योधन मांडी फुटून पडलाय. तिघं रानात, वडाखाली. कृपाचार्य आणि कृतवर्मा थकून झोपलेत, हा मात्र टक्क जागा. त्या जागरणातच त्याला झोपलेल्या कावळ्यांवर तुटून पडणारं घुबड दिसतं आणि झोपलेल्या छावणीत शिरायचं डोक्यात येतं. मामा कृपाचार्य समजावतात, आज झोप, सकाळी लढू. तो म्हणतो, दुखण्यातल्याला, संतापलेल्याला, चिंतेतल्याला, कामातुराला झोप कुठली? माझ्यात चारही आहेत. बापाचं मरण आठवून काळीज रात्रंदिवस जळतंय.

बाप मेला तेव्हा हा तिथं नव्हता. मेला होता अश्वत्थामा नावाचा हत्ती. आवई ऐकून द्रोणांनी शस्त्र खाली ठेवलं आणि धृष्टद्युम्नानं मुंडकं उडवलं. म्हणजे बाप गेला तो याच्याच नावानं! हे त्याला मागून कळलं. पण जवळच्या माणसाच्या हिंसक मरणाची बातमी कळणं, हाही मानसोपचारात आघातच धरतात.

तरी लगेच 'पीटीएसडी'चा (आघातानंतर मागे उरणाऱ्या मानसिक त्रासाचा) शिक्का मारू नये. हे नाव अमेरिकी मानसोपचाराच्या यादीत १९८० साली आलं, त्यामागं व्हिएतनामहून परतलेले सैनिक होते. त्यात त्रास महिन्याच्या वर टिकावा लागतो. द्रोण पडले १५व्या दिवशी, ही रात्र १८व्या दिवसाची. खरी केस शापानंतरची: ३००० वर्षं एकटं भटकणं, बोलायला कोणी नाही, अंगाला रक्तपुवाचा वास. कृष्णानं शाप दिला की पुढची लक्षणं सांगितली, असं वाटून जातं.

शेजारच्या काकांना मोहफुलं वेचताना वाघानं धरलं होतं, त्याला सात वर्षं झाली. खांदा भरला, मदतीचे पैसेही आले. पण वाळलं पान वाजलं तरी ते ताडकन उठतात, आणि मोहाचा वास सुटला की घरात शिरून दार लावतात. गाव म्हणते, "भेव भरला." दोनदा झाडफूक झाली. त्या दिवसाबद्दल त्यांना कोणी विचारलं नाही, मीही नाही.

कोणी म्हणेल, झोपेत माणसं कापणाऱ्याची वकिली करतो काय? नाही बाप्पा. द्रौपदीची पाच पोरं आणि उत्तरेच्या पोटावर सोडलेलं अस्त्र त्याच्याच खात्यात. झोप तर काकांचीही उडाली, पण त्यांनी कोणाला नख लावलं नाही.

काल त्यांच्या अंगणात बसलो. खांद्याला तेल चोळत होते. विचारलं. बराच वेळ गप्प, मग म्हणाले, "वाघ नाई दिसत गा सपनात. टोपलीच दिसते, सांडलेली."