माफी पुरे, खोक्यावर छापून द्या

व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीने माफी मागितली, आता चाहत्यांनी तिच्यावर विश्वास ठेवावा, असं एका लेखात वाचलं. का ठेवावा? युबिसॉफ्ट या गेम कंपनीचा 'द क्रू' हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम २०१४ मध्ये आला. एकट्याने खेळायचं तरी इंटरनेटवरून कंपनीचा सर्व्हर (तिचा मुख्य संगणक) लागायचा. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद, आणि पैसे मोजून घेतलेला गेम लोकांच्या खात्यातूनही काढला! बोंबाबोंब झाल्यावर मग पुढच्या भागांना ऑफलाइन मोड, म्हणजे इंटरनेटशिवाय खेळायची सोय, देऊ म्हणाले.

आमच्या सोलापुरात टॉवेल कारखान्यातली पोरं पगारातून पैसे बाजूला काढून गेम घेतात. जुनी डिस्क असेल तर उजेडात धरून ओरखडे बघतात. सर्व्हरच गेला तर ती डिस्क काय कामाची? गेम ऑफलाइन चालेल, हे पहिल्याच दिवशी खोक्यावर छापा. तोवर प्री-ऑर्डर, म्हणजे गेम यायच्या आधीच खरेदी, करू नका रे पोरांनो.