झाकण आधी निघतं, पेंढा नंतर

बारावीची परीक्षा जवळ आली की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या मुलांच्या मोबाइलवर एक चिठ्ठी फिरू लागते: “फ⁻¹ म्हणजे १/फ. (फ∘ग)⁻¹ = फ⁻¹∘ग⁻¹. फलन आणि त्याचं व्यस्त एकत्र आले की क्षच उरतो.” (फलन म्हणजे आत घातलेल्या संख्येवरून उत्तर देणारा नियम; त्याचं व्यस्त, फ⁻¹, म्हणजे उत्तरावरून ती संख्या परत काढणारा नियम; फ∘ग म्हणजे दोन फलनं एकामागोमाग.) पहिली दोन वाक्यं साफ चूक. तिसरं अर्धवट खरं आहे, म्हणून गुण तेच जास्त खातं.

फ(क्ष) = २क्ष + ३ घ्या. फ⁻¹(७) = २, कारण २ घातल्यावर ७ मिळतात. १/फ(७) मात्र १/१७. घोळ खुणेचा आहे. इंग्रज गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेलने १८१३ मध्ये वापरात आणलेल्या या खुणेतला −१ हा घातांक नव्हेच. साइनच्या डोक्यावर २ असला तर वर्ग आणि −१ असला तर व्यस्त फलन, ही विसंगती मुकाट पाठ करावी.

आता क्रम. हापूस डझनाला ६०० रुपये, वर पेटीचे ५०. म्हणजे ग(क्ष) = ६००क्ष, फ(क्ष) = क्ष + ५०. फ∘ग मध्ये ग आधी चालतं, म्हणून ५ डझनांचं बिल ३०५०. बिलावरून डझन काढायचे तर आधी ५० वजा, मग ६०० ने भाग: ५. हे झालं ग⁻¹∘फ⁻¹. चिठ्ठीप्रमाणे आधी भागून मग ५० वजा केले तर सुमारे उणे ४४.९ डझन आंबे हाती येतात! पेटी भरताना पेंढा, आंबे, झाकण. उघडताना झाकणापासूनच सुरुवात.

तिसऱ्या वाक्यात प्रांत, म्हणजे फलनात कोणते क्ष घालता येतात ते, गाळला आहे. साइन(साइन⁻¹ क्ष) = क्ष, पण क्ष −१ ते १ मध्ये असेल तरच. उलट बाजूने साइन⁻¹(साइन १५०°) = ३०°, कारण साइन⁻¹ चं उत्तर −९०° ते ९०° मध्येच येतं. तसंच (√क्ष)² = क्ष, पण √(क्ष²) = |क्ष|, म्हणजे उणे चिन्ह काढलेला क्ष. म्हणून पडताळा दोन्ही बाजूंनी घ्यावा.

पडताळ्यात हमखास सुटतो तो कंस. फ(क्ष) = (क्ष+१)/(क्ष−२), फ⁻¹(क्ष) = (२क्ष+१)/(क्ष−१). फ(फ⁻¹(क्ष)) काढताना छेदाच्या अंशस्थानी २क्ष+१−२(क्ष−१) = ३ येतं, वर ३क्ष, उत्तर क्ष. २(क्ष−१) चं २क्ष−१ केलंत की ३ चे २ होतात आणि उत्तर ३क्ष/२. मग पोरं बरोबर असलेलं व्यस्तच खोडून टाकतात. त्याआधी एक आकडा घालून बघा: फ(४) = ५/२, आणि फ⁻¹(५/२) = ६ ÷ (३/२) = ४.