एक घर, तीन ॲप, २७० रात्री: हा हिशेब कुणी शिकवला?

काल रात्री साडेअकराला आतेभावाने एक मेसेज पाठवला. खाली स्वतःची ओळ: “वाच. रिकामा फ्लॅट रात्रीच्या भाड्याने पाहुण्यांना द्यायला ॲपवर टाकतोय.” मेसेजचं म्हणणं असं: घर तुमचं, म्हणजे परवाना नको. महिन्याहून कमी राहणारा भाडेकरू नसतो, म्हणून नियम लागू नाहीत. ॲपने जाहिरात घेतली की ती वैध. आणि वर्षाला किती रात्री देता येतं यावर मर्यादा असेल तर तीन ॲपवर टाका, मर्यादा तिप्पट!

आधी हे तिप्पटचं बघू, कारण दंड इथेच बसतो. मर्यादा घराला असते, ॲपला नाही. लंडनमध्ये २०१५ च्या कायद्यानुसार अख्खं घर वर्षाला एकूण ९० रात्रीच देता येतं; पुढे नियोजन परवानगी, म्हणजे घराचा वापर बदलायची स्थानिक पालिकेची परवानगी, लागते. एका ॲपवर ४० आणि दुसऱ्यावर ५० झाल्या की संपलं. एखादं ॲप स्वतः मोजून ९० ला बुकिंग थांबवतं, पण शेजारच्या ॲपवरच्या रात्री त्याला दिसत नाहीत. त्यालाच मेसेजवाले महाशय सवलत म्हणतात. बँकेत तीन खाती काढली म्हणून आयकराची सूट तिप्पट होते का? ॲमस्टरडॅमला तर वर्षाला फार तर ३० रात्री, आणि प्रत्येक मुक्कामाआधी पालिकेला कळवायचं.

महिन्याचा मुद्दा चक्क उलटा आहे. न्यूयॉर्कमध्ये मुक्काम ३० दिवसांपेक्षा कमी असला की नोंदणी लागते. यजमान त्याच घरात राहता हवा, पाहुणे जास्तीत जास्त दोन, आतल्या खोल्यांना कुलूप नाही. रिकामा फ्लॅट यात बसतच नाही. सप्टेंबर २०२३ पासून नोंदणी नसलेल्या घराचं बुकिंग ॲपलाही करता येत नाही. म्हणजे ‘ॲपने घेतलं ते वैध’ हे तिथे अर्धंमुर्धं खरं, कबूल. पण ती तपासणी शहराने ॲपच्या गळ्यात मारली म्हणून.

‘घर माझं’वाल्यांसाठी पॅरिस. परवानगीशिवाय फ्लॅट दिल्याच्या दंडाचं प्रकरण युरोपीय संघाच्या न्यायालयापर्यंत गेलं. २२ सप्टेंबर २०२० चा निकाल: कायम राहणाऱ्यांना भाड्याने घरं मिळेनाशी होणं, हे परवान्याची अट घालायला पुरेसं कारण आहे.

हे सगळं आतेभावाला लिहिलं. वर विचारलं, तुझ्या पालिकेचा नियम काय, सोसायटीच्या उपविधीत काय आहे?

उत्तर आलं: “मग दोनच ॲपवर टाकू का?”