वाणात काळं प्लास्टिक नको

आज एका दिवसात तीन घरची हळदीकुंकू करून आली आणि आत्ता ओट्यावर पिशवी उलटी केली तर त्यातून काय निघावं? दोन काळे नायलॉनचे सराटे (म्हणजे उलथणी), एक पाच चमच्यांचा सेट (तोही काळाच, वर सोनेरी पट्टी) आणि तिळगुळाच्या पुड्या. कोणाचं मन दुखवायचं नाही मला. सगळ्या माझ्याच आहेत, सगळ्यांनी प्रेमानं बोलावलं, एकीनं तर हलव्याचे दागिने घातलेलं पिल्लू माझ्या मांडीवर दिलं. पण डोकं फिरलं ते फिरलंच. वाण म्हणजे घरात रोज कामाला येईल अशी वस्तू नं? मग ज्या वस्तूनं आपण लेकरांचं अन्न ढवळतो तीच अशी काहून देऊन राहिलो आपण एकमेकींना?

आता काही जणी म्हणतील, आलं परत हिचं लाकूडपुराण. हो, आलं. ज्यांना पुरणाची गोष्ट माहीत आहे त्यांनी पुढे सरका, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते.

चार वर्षांपूर्वीचा पोळा. घरी तेरा माणसं, दीड किलो डाळीचं पुरण. गूळ पडल्यावर पुरण कसं उडतं माहीत आहे, हातावर चटके बसतात पण हात थांबवता येत नाही, बुडाला लागलं की संपलं सगळं. माझ्या हातात दोन वर्षं वापरातला काळा नायलॉनचा सराटा. पुरण झालं का ते आपण कसं पाहतो, सराटा मधोमध उभा करायचा, पडला नाही की झालं. मी उभा केला. तो उभा राहिला आणि मग मधातून हळूच वाकला. पडला नाही, वाकला, उन्हात ठेवलेली मेणबत्ती वाकते तसा. मी तो उचलून नळाखाली धुतला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. पुढची कड, जी नवीन असताना पट्टीसारखी सरळ होती, ती उंदरानं कुरतडल्यासारखी झाली होती. एका कोपऱ्यात नखाएवढा तुकडा नव्हताच. बाकी कडेला केसासारखे बारीक काळे रेशे लोंबत होते.

ती कड गेली कुठे? कचऱ्यात तर मी टाकली नव्हती. दोन वर्षं, रोज दोन वेळा, फोडणीत, बेसनात, शिऱ्यात. गेली कुठे मग?

आणि बाहेर पानं मांडलेली. सासरे बसलेले, नणंदेची माणसं बसलेली. मी ते पुरण फेकलं नाही. मी ते वाढलं. माझा मुलगा तेव्हा आठ वर्षांचा, त्याला पोळी नको असते, वाटीत नुसतं पुरण आणि वर तुपाची धार, मी त्याला माझ्या हातानं वाटी दिली. चार वर्षं झाली, हे मी अजून विसरली नाही.

म्हणून कोणी "एवढं काय त्यात" म्हटलं की मला राग येतो. फोडणीचं तेल दीडशे-दोनशे अंशांपर्यंत सहज जातं. जर्मनीत अन्नाचे धोके तपासणारी सरकारी संस्था आहे, तिनं २०१९ मध्येच सांगून ठेवलं आहे की पॉलिअमाइडचे, म्हणजे आपल्या या नायलॉनचेच, चमचे ७० अंशांच्या वर तापलेल्या अन्नात कमीत कमी वेळ राहू द्या, कारण त्यातून बारीक घटक अन्नात उतरतात. ७० अंश! आपला तर चहासुद्धा त्याच्या वर असतो. आणि आपण काय करतो, भाजी परतून झाली की सराटा तसाच कढईत ठेवून वरून झाकण.

माझ्या भावानं मागे मला लगेच लिंक पाठवली होती, की २०२४ चा तो काळ्या प्लास्टिकवरचा अमेरिकेतला अभ्यास आठवतो का, जुन्या टीव्ही-कॉम्प्युटरच्या प्लास्टिकमधली आग रोखणारी रसायनं चमच्यांत सापडली म्हणून जो सगळीकडे फिरला, त्यात त्यांचं गणितच चुकलं होतं, धोक्याची मर्यादा ते सांगत होते त्याच्या दहापट वर निघाली. बरं. चुकलं एक शून्य. पण रसायन सापडलं ते तर सापडलंच नं? आणि माझ्या सराट्याची कड गेली त्यात कोणतं शून्य चुकलं होतं?

सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू का. आपल्यातल्या निम्म्या जणी आता लाकडी घाण्याचं फल्लीचं, म्हणजे शेंगदाण्याचं, तेल आणतात. दुकानातल्या तेलापेक्षा कितीतरी जास्त पैसे मोजून. मी पण आणते. घाणा लाकडाचाच आहे नं हे दहादा विचारून घेतो आपण, तिथे उभं राहून पाहतो. आणि ते तेल घरी आणून कढईत तापवतो आणि त्यात काळं प्लास्टिक फिरवतो!! घाणा लाकडाचा पाहिजे आणि चाटू, म्हणजे ढवळायचा लाकडी डाव, नको? अरे, तेल घाण्यात असतं थंड, कढईत असतं तापलेलं, जिथे खरी काळजी घ्यायची तिथे कोणी पाहतच नाही.

आणि हे सगळं कुठे चाललंय, तर नागपुरात. दिल्लीच्या नव्या संसद भवनाला सागवान गेलं ते नागपूरहून. अयोध्येच्या मंदिराच्या दरवाजांसाठी २०२३ मध्ये बल्लारपूरहून सागवान गेलं, केवढी मिरवणूक निघाली होती, आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले होते. आलापल्लीचं जंगल आपलं, अख्खं लकडगंज आपलं, ज्याचं नावच लाकडावरून. आणि आपल्या ओट्यावर हातभर सागवानाचा तुकडा नाही.

माझे बाबा लकडगंजला एका आरामशीनवर मुनीम होते. त्यांच्या शर्टाला कायम भुशाचा वास यायचा, आई कपडे झटकून मगच बादलीत टाकायची. तिथे एक मिस्त्री श्रावण लागला की लाकडी बैल करायला बसायचे, तान्ह्या पोळ्याचे. बाहेरगावच्या मैत्रिणींसाठी सांगते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मुलांचा पोळा असतो, लाकडी बैल सजवून मुलं घरोघरी बोजारा (खाऊ-पैसे) मागायला जातात, दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ मध्ये सुरू केला असं सांगतात. तर बैलाच्या ओंडक्यातून जो लांबोळका तुकडा उरायचा त्याचा त्या मिस्त्रींनी एकदा आईला चाटू करून दिला. साधा, एकसंध, पुढून जरासा खोलगट, पॉलिश नाही काही नाही. माझा बैल आणि आईचा चाटू एकाच लाकडाचे. बैलाचा रंग कधीच उडाला, शिंगंही गेली. चाटू आहे.

तो चाटू माझ्याकडे माळ्यावर काठवटीत पडला होता. आई गेल्यावर आणला आणि ठेवून दिला. त्या पोळ्याला सगळी माणसं गेल्यावर रात्री अकरा वाजता मी स्टूल लावून तो काढला. धुतला, पुसला आणि पाहत बसली. आई डावखुरी होती. उजव्या हातानं ढवळणारीचा चाटू डाव्या कडेनं झिजतो, माझे सगळे तसेच आहेत. आईचा उजव्या कडेनं झिजलाय, चांगला बोटभर, तिरपा, गुळगुळीत, कढईच्या गोलाईला बसेल अस्सा. माझ्या हातात तो उलटा बसतो, बुडाला टेकतच नाही नीट. पण कड कशी, तर एक रेशा लोंबत नाही, एक टवका उडालेला नाही. तीस वर्षं झिजला तो. हो, म्हणजे लाकूडही आमच्या पोटात गेलंच की, मान्य आहे. जाऊ दे गेलं तर. सागवान गेलं, नायलॉन नाही गेलं.

आता आज ज्या वहिनी म्हणाल्या "लाकडाला बुरशी लागते बाई", त्यांना तिथे उत्तर दिलं नाही कारण हातात तिळगूळ होता. लागते बुरशी. पावसाळ्यात लागते, आणि मे महिन्यात आपल्या पंचेचाळीस अंशांत तडाही जातो, माझं एक लाटणं असंच उभं चिरलं. पण बुरशी काहून लागते, तर आपण त्याला रात्रभर सिंकमध्ये खरकट्या पाण्यात बुडवून ठेवतो म्हणून. आमच्या कामाच्या मावशींना मी एकदाच सांगितलं, लाकडाचं पहिले धुवायचं आणि उभं करून ठेवायचं, आडवं नाही. त्यांनी ते इतकं नीट पाळलं की आता मीच विसरते आणि त्याच मला रागावतात.

घेताना काय पाहायचं ते लिहिते, कारण दर वेळी इनबॉक्समध्ये विचारता. चकाकणारं घेऊ नका. सोफ्याच्या पायासारखं चमकत असेल तर ते पॉलिश आहे आणि ते पॉलिश तुमच्या वरणात येणार. घरी आणून कढत पाण्यात दहा मिनिटं धरा, वार्निशसारखा वास आला की परत करा, लाज वाटू देऊ नका. मला एका मोठ्या दुकानात शिसम म्हणून जो सराटा दिला होता त्यानं पाणी वीटकरी लाल केलं आणि खालून पांढरट लाकूड निघालं. कोणतं लाकूड आहे हे ज्याला सांगता येत नाही त्याच्याकडून घेऊच नका. सागवानाच्या अंगातच तेल असतं, पाणी कमी पितं. शिसम जड आणि घट्ट, महाग पडतं. बाभळीचं मिळालं तर डोळे मिटून घ्या, वखराला टिकतं ते कढईला टिकणार नाही का. कडुनिंब चांगलं, पहिले काही दिवस वास येतो, मग जातो. आंब्याचं स्वस्त असतं पण मऊ, पाणी पिऊन काळं पडतं. बांबूचं घ्यायचं तर एकाच कांबीचं घ्या, पट्ट्या चिकटवून केलेलं असेल तर त्यात डिंक कोणता ते कोण सांगणार.

नवीन आणलं की एकदा भिजवून वाळवा, रेशे उभे राहतात, हाताला खरखर लागते, घाबरायचं नाही. बारीक सॅंडपेपर मारायचा आणि मग जवसाचं तेल. खोबरेल चालतं, पण फल्लीचं नको, ते लाकडात सुकत नाही आणि खवट होतं. जवसाचं तेल हवेत सुकून लाकडात घट्ट बसतं. आपण वऱ्हाडातली-नागपुरातली माणसं जवसाची चटणी खाऊन वाढलो, तेल मिळणं काही कठीण नाही. पण ते खायचंच आणा, घाण्यावरचं. हार्डवेअरच्या दुकानात डबल बॉइल्ड म्हणून जे जवसाचं तेल मिळतं ते दरवाजांना लावायचं असतं, त्यात लवकर सुकायला धातूचे क्षार टाकतात, ते चमच्याला अजिबात नाही. आणि तेल पुसलेली चिंधी बोळा करून कोपऱ्यात फेकू नका, जवसाचं तेल सुकताना गरम होतं, बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. पसरून वाळवा, मग टाका.

आणि हो, पोळी-भाकरीच्या तव्यावर मी पण लोखंडीच उलथणं वापरते, लाकडाची कड तेवढी पातळ होत नाही. मटणाचा चाटू वेगळा ठेवते. हळदीचा डाग जात नाही. झालं, एवढीच तक्रार आहे लाकडाची, सगळी सांगितली.

राग आता उतरला थोडा. खरं सांगायचं तर ज्यांनी ते काळे सराटे दिले त्यांनी पण पंचवीस-तीस बायकांचं वाण आणायचं, बजेट पाहायचं, गांधीबागेत जायचं, दुकानदार समोर जो ढीग टाकेल तो घ्यायचा, मी स्वतः काही वर्षांपूर्वी प्लास्टिकच्या चाळण्या वाटल्या आहेत. तेव्हा कोणी मला बोललं असतं तर मला पण लागलं असतं. पण बोलायला पाहिजे होतं कोणीतरी. त्या पोळ्याच्या आधी कोणी बोललं असतं तर ती वाटी मी मुलाच्या हातात दिली नसती.

तो आता बारा वर्षांचा आहे. यंदा पोळ्याला पुरण घोटताना तो बाजूला उभा होता, आजीचा चाटू त्यानंच उभा केला. मी आता तो डाव्या हातानं धरायला शिकली आहे, म्हणजे झिजलेली कड बरोबर बुडाला लागते. हात लवकर दुखतो, पण पुरण लागत नाही.

तर कामाचं. माझ्याकडचं हळदीकुंकू रथसप्तमीच्या आदल्या दिवशी आहे, मेसेज वेगळा करतेच. वाण म्हणून साधे सागवानाचे चाटू करायला टाकले आहेत, त्याच मिस्त्रींच्या मुलाकडे. तो पण बैलच करतो, पण बैलांचं काम श्रावणात, या दिवसांत त्याच्याकडे हात रिकामा असतो. नव्वद रुपयाला एक म्हणाला, पॉलिश न करता, नुसतं घासून. त्यानं विचारलं की ताई, कड कोणत्या बाजूनं उतरवू? मी म्हटलं सगळ्यांची डावीकडून उतरव. तुमच्यात कोणी डावखुरी असेल तर उद्या संध्याकाळपर्यंत मला सांगा, तिचा मी उजवीकडून उतरवून घेते.