मॉर्मन स्थळं ‘टाळा’ सांगणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

उन्हाळा आला, आई-बाबा भारतातून अमेरिकेत आले, की व्हेगास-झायन-ब्राइस-सॉल्ट लेक-यलोस्टोन असा बेत ठरतो आणि पाठोपाठ ग्रुपवर तो फॉरवर्डही येतो. मजकूर थोडक्यात असा : मॉर्मन (युटा राज्यात वसलेला, अमेरिकेतच जन्मलेला ख्रिस्ती पंथ) जागा टाळा. बाहेरच्यांना आत घेत नाहीत, घेतलंच तर धर्म बदलायला मागे लागतात, अजून चार-चार बायका करतात, आणि दीडशे वर्षांच्या इमारतींत आपण बघायचं तरी काय? शिवाय चहा मिळत नाही.

प्रवेशाबद्दल अर्धं खरं आहे, म्हणून तर ते पसरतं. वापरात असलेल्या टेम्पलमध्ये, म्हणजे मॉर्मनांच्या मुख्य मंदिरात, फक्त चर्चच्या पात्र सदस्यांनाच जाता येतं. सॉल्ट लेकचं टेम्पल २०१९च्या अखेरीपासून भूकंपरोधक कामासाठी बंदच आहे. २०२७मध्ये एप्रिल ते ऑक्टोबर ते सगळ्यांना आतून पाहू देणार, असं चर्चनं जाहीर केलंय. पण त्याच टेम्पल स्क्वेअर आवारातलं, शेजारचं १८६७चं टॅबर्नेकल हे सभागृह? मध्ये एकही खांब नसलेलं ते लाकडी घुमटाकार छत आणि अकरा हजारांवर नळ्यांचा ऑर्गन कुणीही फुकट पाहावा, ऐकावा. ओहायोतलं कर्टलंडचं टेम्पल तर १८३६चं, मॉर्मनांचं पहिलं, आणि तिथे आत नेऊन दाखवतात.

धर्मांतराची भीती मला गमतीची वाटते. माहिती सांगायला मिशनरीच असतात हे खरं, आणि शेवटी ते फोन नंबरही विचारतात. मॉलमध्ये क्रेडिट कार्ड विकणाऱ्या पोरांना चुकवणाऱ्या माणसाला ‘नको, थँक्यू’ म्हणणं जड जाऊ नये. युटातल्याच स्पॅनिश फोर्कच्या राधाकृष्ण मंदिरात होळीला हजारो मॉर्मन तरुण रंगून निघतात. ते काही वैष्णव होऊन घरी जात नाहीत.

बायकांचं म्हणाल तर मॉर्मनांना युटात आणणाऱ्या ब्रिगहॅम यंगला पन्नासहून जास्त होत्या, ते लपवण्यात अर्थ नाही. पण मुख्य चर्चनं ही प्रथा १८९०मध्ये सोडल्याचं जाहीर केलं आणि आज दुसरं लग्न करणाऱ्याला ते काढून टाकतं. युटा-ॲरिझोना सीमेवर जे अजून करतात, ते फुटून निघालेले वेगळे पंथ.

उरला ‘बघायचं काय’ हा प्रश्न, आणि खरं भांडण इथेच आहे. युटातल्या ज्या नॅशनल पार्कांसाठी तुम्ही निघालात, ती या लोकांच्या वस्त्यांच्या आसपासच उभी राहिली. झायनच्या दरीत मॉर्मन शेतकरी राहत होते. कॅपिटल रीफ पार्कमधल्या फ्रूटा वस्तीच्या फळबागा त्यांनीच लावल्या. हंगामात आजही स्वतः फळं तोडून वजनावर विकत घेता येतात. आय-१५ महामार्गावरून उत्तरेला जाताना, आय-७० फुटतो तिथे जवळच कोव्ह फोर्ट आहे : १८६७चा, काळ्या ज्वालामुखी दगडाचा, शंभर फूट चौरस. रायगड पाहिलेल्याला तो किल्ला वाटणार नाही, पण घोडागाडीच्या काळात दिवसभराच्या वाटचालीनंतर मुक्कामाला अशी जागा का लागत असेल, ते आत शिरल्यावर कळतं.

माझी तक्रार उलट आहे. चर्चचे मार्गदर्शक युटाकडच्या १८४७च्या वाटचालीची आणि नंतर हातगाड्या ओढत आलेल्यांची गोष्ट रंगवून सांगतात. गैरसोयीचं पटकन उरकतात. म्हणून सेंट जॉर्जच्या उत्तरेला माउंटन मेडोजला थांबा. सप्टेंबर १८५७मध्ये आर्कान्सातून कॅलिफोर्नियाला निघालेल्या तांड्यातल्या सुमारे १२० जणांना, बायका-मुलांसकट, मॉर्मन सैनिकांनी तिथे मारलं. दोष बराच काळ पायूट आदिवासींच्या माथी होता. मृत्युदंड झाला मारेकऱ्यांपैकी एकट्या जॉन ली याला, वीस वर्षांनी, त्याच माळावर. पुढे ग्रँड कॅन्यनच्या नॉर्थ रिमकडे जाणार असाल तर वाटेत पाइप स्प्रिंग लागतं. हे राष्ट्रीय स्मारक आहे, चर्चचं नव्हे. कैबाब पायूटांच्या झऱ्यावरच मॉर्मनांनी गढी बांधली आणि पाणी ताब्यात घेतलं; तिथल्या संग्रहालयात ही बाजूही मांडलेली आहे. दोन्ही पाहिल्याशिवाय टेम्पल स्क्वेअर पूर्ण झाला असं मी तरी मानत नाही.

चहा-कॉफी चर्चच्या लोकांना वर्ज्य, तुम्हाला नाही. सॉल्ट लेकमध्ये कॅफे भरपूर आहेत. रविवारी मात्र टेम्पल स्क्वेअरसमोरचा सिटी क्रीक मॉल बंद असतो, खरेदी शनिवारीच उरका.